सहलीच्या शिदोरीतील न्याहारी : खान्देशातील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून सहलीला निघणारी कुटुंबे बहुधा पहाटेच घर सोडतात, कारण ऊन चढण्याआधी निम्मा रस्ता मागे पडलेला बरा असतो. भुसावळहून रात्रीची गाडी पकडणारे असोत, शहाद्याहून तोरणमाळला जाणारे असोत किंवा आखाजी (अक्षय्य तृतीया) आटोपल्यावर मुलांना घेऊन ओंकारेश्वर-उज्जैनचा फेरा करणारे असोत, सकाळी काय खायचे हा प्रश्न सर्वांपुढे सारखाच असतो. घरचे खाणे सोबत असले, की मुले उपाशी राहत नाहीत, वाटेत खाण्यासाठी दोन तास मोडत नाहीत आणि पोटही बिघडत नाही. पुढील उत्तरे आमच्या घरच्या अनुभवावर आणि अन्नसुरक्षेच्या सर्वमान्य नियमांवर आधारलेली आहेत.

प्रवासाची न्याहारी ठरवताना सर्वांत आधी काय पाहावे?

पदार्थ ठरवण्याआधी तास मोजावेत. तव्यावरून उतरल्यापासून तोंडात पडेपर्यंत पदार्थाला किती वेळ काढायचा आहे आणि त्या वेळात तो किती उष्णतेत राहणार आहे, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की निम्मी निवड आपोआप होते. शिजवलेल्या ओलसर अन्नात जिवाणूंची वाढ साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात होते आणि परिस्थिती अनुकूल असेल तर काही जिवाणूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणूनच असे अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये आणि हवा ३२ अंशांहून अधिक गरम असेल तर एकाच तासात संपवावे, असा नियम सांगितला जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीत उष्णता त्याहूनही अधिक असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा नियम आपल्याकडे किती काटेकोरपणे पाळायला हवा ते कळते.

मात्र हा नियम ओलसर अन्नाचा आहे. ज्या पदार्थात मोकळे पाणी कमी असते, किंवा असलेले पाणी गूळ, साखर आणि मीठ यांनी धरून ठेवलेले असते, त्यात जिवाणूंना वाढता येत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी शिदोरीत दशमी, कोरडी चटणी, गूळ आणि शेंगदाणे का बांधले, याचे कारण हेच आहे. बैलगाडीने दोन-दोन दिवस माहेरची वाट चालणाऱ्या बायकांना बर्फाच्या पेटीशिवाय जे टिकवता येत होते, तेच आजही मोटारीत सर्वांत भरवशाचे आहे.

दशमी नेमकी कशी करावी, म्हणजे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते?

चार माणसांच्या एका न्याहारीसाठी अर्धा किलो कणीक पुरते. सुमारे दीडशे ग्रॅम चिरलेला गूळ एक वाटी कोमट दुधात विरघळवून घ्यावा. दूध आधी उकळून मग कोमट केलेले असावे. उकळत्या दुधात गूळ टाकल्यास ते फाटण्याची शक्यता असते. गुळात कचरा किंवा खडे असतात, त्यामुळे हे दूध गाळून घ्यावे. कणकेत चिमूटभर मीठ, दोन चमचे तीळ, थोडी बडीशेपेची पूड आणि तीन-चार मोठे चमचे तुपाचे किंवा तेलाचे मोहन घालून ती हाताने चोळावी आणि मग गुळाच्या दुधात घट्ट भिजवावी. दूध कमी पडल्यास दूधच घालावे, परंतु पीठ सैल होऊ देऊ नये. अर्धा तास झाकून ठेवल्यावर पोळीपेक्षा जाड आणि भाकरीपेक्षा पातळ अशा दशम्या लाटाव्यात. गूळ लवकर करपतो, म्हणून तवा मध्यम आचेवर ठेवून, कडेने थोडे तूप सोडून त्या सावकाश भाजाव्यात. बाहेरून डाग पडले आणि आतून कच्ची राहिली, अशी दशमी दुसऱ्या सकाळी चिकट होते. एवढ्या पिठात दहा-बारा दशम्या होतात.

तिखट दशमी हवी असल्यास गुळाऐवजी लाल तिखट, हळद, ओवा, तीळ आणि वाटलेले जिरे घालावे. ओल्या मेथीऐवजी चुरलेली कसुरी मेथी वापरली तर पाण्याचा अंश वाढत नाही. आमच्या घरी दोन्ही प्रकार अर्धे-अर्धे केले जातात, कारण मुले गोड मागतात आणि मोठ्यांना सकाळी तिखटाशिवाय चैन पडत नाही.

दूध घातल्यामुळे दशमी अधिक टिकते, हे खरे आहे का?

अंशतः खरे आहे. दुधातील स्निग्धांशामुळे दशमी मऊ राहते, वाळून कडक होत नाही, आणि म्हणून ती टिकली असे वाटते. परंतु दुधातही बहुतांश पाणीच असते, तेव्हा केवळ दूध घातल्याने पदार्थ नासण्यापासून वाचतो, असे समजू नये. पाण्याऐवजी दुधात भिजवण्याच्या पद्धतीमागे सोवळ्याचाही विचार होता. पाणी न लागलेले अन्न प्रवासात चालते, असे जुने लोक मानीत. दशमी खऱ्या अर्थाने टिकते ती घट्ट पीठ, पुरेसे मोहन, गूळ आणि सावकाश भाजणे यांमुळे. थंडीत गुळाची दशमी दोन दिवस चांगली राहते. उन्हाळ्यात मात्र आदल्या रात्री केलेली दशमी दुसऱ्या दिवशी सकाळी संपवावी, असाच आमचा आग्रह आहे.

कळण्याची भाकरी प्रवासात वातड होते. तिला काही उपाय आहे का?

कळण्याची भाकरी हे खान्देशाचे पोटभर आणि पौष्टिक अन्न आहे, त्यामुळे ती सोडून द्यावी असे वाटत नाही. साधारण चार वाटे ज्वारी, एक वाटा सालीचे उडीद आणि थोडे जाडे मीठ एकत्र दळून कळण्याचे पीठ करतात. ज्वारीत जे प्रथिनघटक कमी असतात, ते उडदातून मिळतात, आणि म्हणून एका भाकरीवर माणूस दुपारपर्यंत राहू शकतो. गव्हात असणारा चिकटपणा ज्वारीत नसल्यामुळे भाकरी गार झाली की ती कडक होते. हा तिचा स्वभावच आहे.

यावर तीन गोष्टी करता येतात. पहिली, पीठ उकळत्या पाण्यात भिजवून झाकून ठेवावे आणि सोसवेल इतके निवल्यावर चांगले मळावे. या उकडीमुळे भाकरी अधिक वेळ लवचीक राहते. दुसरी, भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापावी आणि तव्यावरून उतरताच तिला तेलाचा हात लावावा. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आहे. भाकरी कडक होणार हे मान्य करूनच ती न्यावी आणि सकाळी ताज्या दह्यात कुस्करून, वर कोरडी चटणी घालून खावी. दही घरून नेऊ नये. ते न्याहारीच्या वेळीच वाटेतील दुकानातून थंड आणि बंद डब्यातले घ्यावे. एस. टी. ने जाणाऱ्यांना हे थोडे अडचणीचे होते, पण स्वतःची मोटार असेल तर झाडाखाली थांबून खाल्लेल्या या कुस्कऱ्यासारखी दुसरी न्याहारी नाही.

वरण-बट्टीतील बट्टी नाश्त्याला नेता येते का?

नेता येते, आणि ती नेली जावी. बट्टीसाठी गहू रवाळ दळलेला असतो, बरोबर थोडा मका असतो आणि पिठात ओवा, जिरे, हळद व भरपूर मोहन पडते. गोळे उकडून, कापून, मग तळलेली बट्टी घरातील पंगतीत वरणाबरोबर शोभते. परंतु वरण हे पातळ आणि ओले अन्न असल्यामुळे ते सोबत घेऊ नये. कोरडी बट्टी कुस्करून त्यात बारीक चिरलेला गूळ आणि पातळ केलेले तूप घातले, की मुले ती आवडीने खातात. मोठ्यांसाठी बट्टीबरोबर शेंगदाण्याची चटणी पुरे होते. उकडल्यामुळे बट्टीच्या आत ओलावा राहतो, हे विसरता कामा नये. प्रवासासाठी तुकडे थोडे लहान कापावेत आणि मंद आचेवर आतपर्यंत कोरडे होईतो तळावेत. रात्री तळलेली बट्टी सकाळी खावी, त्यापुढे ठेवू नये.

ठेचा न्यावा की कोरडी चटणी?

एका दिवसाचीच सहल असेल तर ठेचा, त्याहून मोठी असेल तर कोरडी चटणी. हिरव्या मिरचीचा ठेचा प्रवासासाठी करताना मिरच्या आणि लसूण तेलात चांगले परतून, त्यांतील पाणी आटवून मगच शेंगदाणे आणि मिठासह ठेचावेत. कोथिंबीर, टोमॅटो आणि पाण्याचा थेंबही नको. कच्चा लसूण तेलात बुडवून गरम हवेत दिवसेंदिवस ठेवणे आरोग्यास घातक ठरू शकते, तेव्हा वर तेलाचा थर आहे म्हणजे ठेचा सुरक्षित आहे, या समजुतीवर विसंबू नये.

भाजलेल्या शेंगदाण्यांची, तिळाची, जवसाची किंवा कारळाची चटणी मात्र पंधरा दिवस सहज राहते. शेंगदाणे मंद आचेवर आतून खमंग होईपर्यंत भाजावेत, लसणाच्या पाकळ्या सालीसकट तव्यावर कोरड्या कराव्यात आणि सर्व जिन्नस पूर्ण गार झाल्यावरच कुटावे. गरम असताना कुटल्यास वाफ धरते आणि चटणीचा गोळा होतो. चमचा नेहमी कोरडा असावा. जवसाची चटणी थोडीच करावी, कारण जवसाचे तेल लवकर खवट होते.

भरीत, शेवभाजी, फुनके यांपैकी काही नेता येईल का?

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि थंडीच्या दिवसांत भरीत-पुरी बांधून मळ्यात जाण्याची आपली रीत जुनी आहे. म्हणून हा प्रश्न नेहमी येतो. मळा जवळ असतो आणि भरीत तिथेच भाजले जाते, हा फरक मात्र लक्षात घेतला जात नाही. कांद्याची पात घातलेले तयार भरीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे करून न्याहारीला दोन तासांच्या आत खाल्ले तर हरकत नाही. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते नेऊ नये. फुनके, म्हणजे वाटलेल्या डाळीचे वाफवलेले मुटके, आणि रश्शाची शेवभाजी प्रवासाच्या नाश्त्यासाठी योग्य नाहीत. शेव कोरडी न्यावी.

केळी सोबत नेली की काळी पडतात, दबतात आणि सारी पिशवी खराब होते. काय करावे?

केळ्यांच्या मुलखात राहून केळी न नेणे ही खरोखर चूक ठरेल. रावेर-यावलच्या पट्ट्यातील केळ्यांना तर जळगाव केळी या नावाने भौगोलिक मानांकनही आहे, आणि सोलण्याखेरीज काहीही करावे न लागणारी दुसरी न्याहारी नाही. एका मध्यम केळ्यातून सुमारे शंभर किलोकॅलरी मिळतात. त्याबरोबर मूठभर शेंगदाणे खाल्ले तर प्रथिने आणि स्निग्धांशही मिळतो आणि भूक लवकर लागत नाही. नुसत्या केळ्यावर मात्र तासाभरातच मुले पुन्हा खायला मागतात.

केळी आपल्या पिकण्याबरोबर इथिलीन हा वायू सोडतात आणि बंद जागेत तो साठला की पिकण्याचा वेग वाढतो. त्यामुळे केळी प्लास्टिकच्या पिशवीत किंवा डब्यात बंद करू नयेत. फणी अखंड असावी, एकेक केळे सुटे करू नये, कारण देठाकडची साल फाटली की तिथूनच खराबी सुरू होते. दोन दिवसांच्या सहलीसाठी दोन फण्या वेगवेगळ्या घ्याव्यात, एक खाण्याजोगी पिवळी आणि दुसरी देठाशी हिरवी असलेली. दोन्ही सुती कापडात सैल गुंडाळून सामानाच्या अगदी वर ठेवाव्यात किंवा मोटारीत असल्यास हुकाला टांगाव्यात. खिडकीच्या काचेजवळ, उन्हात, कधीही ठेवू नयेत.

मुक्कामी गरम नाश्ता हवा असेल तर घरून काय तयार करून न्यावे?

रव्याचे तयार मिश्रण हा आमचा आवडता उपाय आहे. दोन वाट्या रवा मंद आचेवर खमंग भाजून बाजूला ठेवावा. त्याच कढईत तीन-चार मोठे चमचे तेल तापवून मोहरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता आणि बारीक चिरलेली मिरची घालावी. कढीपत्ता आणि मिरची कुरकुरीत होईपर्यंत तळणे महत्त्वाचे आहे. त्यांत ओल राहिली तर मिश्रणाला बुरशी येते. मग हिंग, मीठ, थोडी साखर आणि रवा घालून पाच मिनिटे परतावे आणि पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. हे मिश्रण पंधरा दिवस टिकते. खाताना एक वाटी मिश्रणावर दोन वाट्या अगदी उकळते पाणी ओतून, ढवळून, झाकण लावून आणि डबा टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटे ठेवला की उपमा तयार होतो. पाणी नुसते गरम असेल तर रवा कच्चा लागतो.

उकळते पाणी धर्मशाळेत, विश्रामगृहात किंवा चहाच्या टपरीवर मागितल्यास मिळते. रेल्वेच्या डब्यात शेगडी किंवा गॅस पेटवण्यास मनाई आहे आणि मोबाइलच्या चार्जिंगसाठी असलेल्या सॉकेटवर विजेची किटली लावण्यासही परवानगी नाही. त्याने आग लागण्याचा धोका असतो. थर्मास वापरायचा असल्यास आधी त्यात उकळते पाणी भरून पाच मिनिटे ठेवावे, ते ओतून टाकावे आणि मग नव्याने उकळलेले पाणी भरावे.

सातूचे पीठही याच कामाचे आहे आणि त्याला गरम पाणीसुद्धा लागत नाही. भाजलेले गहू दोन वाटे आणि फुटाण्याची डाळ एक वाटा, बरोबर जिरे आणि सुंठ, असे दळून आणलेले पीठ महिनाभर राहते. दुधात किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्यात गूळ घालून ते कालवले की दोन मिनिटांत न्याहारी होते. उन्हाळ्याच्या प्रवासात याहून हलके आणि तरीही पोटाला आधार देणारे दुसरे काही आम्हांला सापडलेले नाही.

पोहे, साबुदाण्याची खिचडी, इडली, बटाट्याचे पराठे यांत काय वाईट आहे?

घरी खाताना काहीच वाईट नाही. प्रवासात मात्र पोहे गार झाले की कोरडे पडतात, साबुदाणा रबरासारखा होतो आणि इडली उष्णतेत आंबत राहते. बटाट्याविषयी आम्ही स्वतः धडा घेतलेला आहे. एका मे महिन्यात ओंकारेश्वरला निघताना रात्री अकरा वाजता केलेले बटाट्याचे पराठे गरम असतानाच स्टीलच्या डब्यात रचून झाकण लावले. बऱ्हाणपूर मागे टाकून पहाटे डबा उघडला, तर झाकणाला आतून पाणी सुटलेले होते आणि सारणाला आंबूस वास येत होता. सोबत दोन लहान मुले होती आणि त्या वेळी रस्त्यावर एकही दुकान उघडे नव्हते. त्या दिवसापासून उकडलेला बटाटा, ओले खोबरे आणि कच्चा कांदा या तीन वस्तू रात्रीच्या डब्यात जात नाहीत.

डबा कसा भरावा?

पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये, हा पहिला आणि अपवाद नसलेला नियम आहे. दशम्या, पुऱ्या किंवा बट्ट्या जाळीवर किंवा सुती कापडावर सुट्या पसराव्यात. एकावर एक रचल्या तर मधल्यांची वाफ कोंडते. गार झाल्यावर त्या स्वच्छ, वाळलेल्या धोतराच्या किंवा मलमलच्या कापडात बांधून डब्यात ठेवाव्यात. कापड उरलेली ओल शोषून घेते, जे काम ॲल्युमिनियमचा कागद करीत नाही. ठेचा, लोणचे यांसारखे आंबट-खारट पदार्थ त्या कागदात मुळीच बांधू नयेत.

एक मोठा डबा न भरता प्रत्येक वेळेचा डबा वेगळा भरावा. डबा वारंवार उघडला, त्यात अनेकांचे हात गेले, की उरलेले अन्न लवकर बिघडते. खाण्यासाठी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण सोबत असावेत. महाराष्ट्रात २०१८ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आहे, आणि सातपुड्याच्या कुशीत राहणाऱ्यांना पळसाच्या पानांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

चार जणांच्या कुटुंबाला एका सकाळी किती लागते?

दोन मोठी माणसे आणि दोन शाळकरी मुले असतील तर दहा दशम्या, अर्धी वाटी कोरडी चटणी, चार केळी आणि दोन मुठी शेंगदाणे पुरतात. गाडीला उशीर झाला तर उपयोगी पडावेत म्हणून आठ राजगिऱ्याचे लाडू वेगळे ठेवावेत. प्रवासात हालचाल कमी असल्यामुळे सकाळी घरच्यापेक्षा थोडे कमीच खाल्ले जाते, मात्र अकराच्या सुमारास सर्वांना पुन्हा भूक लागते. तोरणमाळ, पाटणादेवी किंवा अजिंठा अशा चालण्याच्या सहलीत प्रत्येकी एक दशमी अधिक धरावी. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हेही शिदोरी बांधण्याआधी पाहून घ्यावे.

लहान मुलांसाठी वेगळे काय करावे?

सहलीच्या दिवशी नवा पदार्थ देऊ नये. जे घरी आवडीने खातात तेच बांधावे. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे धावत्या गाडीत देणे धोक्याचे आहे, कारण ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांना शेंगदाण्याचा कूट घातलेला मऊ लाडू द्यावा. सहा महिन्यांवरील बाळासाठी नागलीचे (नाचणीचे) सत्त्व किंवा भाजलेल्या रव्याचे पीठ कोरडे न्यावे आणि ताज्या उकळत्या पाण्यात शिजवून किंवा चांगले कालवून द्यावे. कालवून ठेवलेली उरलेली पेज पुन्हा पाजू नये. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये.

घरात मधुमेहाचे आजोबा-आजी आहेत. त्यांच्यासाठी काय?

त्यांच्यासाठी काय खावे याइतकेच केव्हा खावे हेही महत्त्वाचे असते. गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर न्याहारी लांबली तर साखर एकाएकी उतरू शकते, म्हणून त्यांचा डबा सामानात न टाकता त्यांच्या हातातील पिशवीत असावा. कळण्याची भाकरी, तिखट दशमी, फुटाणे आणि कोरडी चटणी त्यांना चालते. साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, थरथर आणि चक्कर, दिसल्यास लगेच देता यावी म्हणून साखर किंवा ग्लुकोजची पूड जवळ असावी. औषधाच्या वेळा प्रवासाआधी डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात.

घाटात मुलांना उलटी होते. मग न्याहारी द्यावी की नाही?

उपाशीपोटी आणि भरल्यापोटी, दोन्ही स्थितींत मळमळ वाढते. तोरणमाळचा सात पायऱ्यांचा घाट किंवा सप्तशृंगगडाची चढण सुरू होण्याआधी दीड-दोन तास कोरडी तिखट दशमी अर्धी आणि थोडे पाणी, एवढेच द्यावे. तूप-गुळाची बट्टी, दूध आणि तळलेले पदार्थ वर पोहोचल्यावर द्यावेत. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक बऱ्याच जणांना उपयोगी पडतो.

उपवास असणाऱ्यांनी काय न्यावे?

राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे-गुळाचे लाडू, केळी आणि केळ्याचे वेफर्स हे सर्व कोरडे आणि सोपे आहे. भगरीच्या पिठाची थालीपिठे नेणार असाल तर पीठ ताजे असावे. भगर ओलसर हवेत बुरशी धरते आणि तिच्यामुळे उपवासाच्या दिवसांत विषबाधा झाल्याच्या बातम्या येत असतात. सुट्या भगरीऐवजी बंद पाकिटातील, तारीख पाहून घेतलेली भगर निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळावी.

डबा बिघडला आहे, हे कसे ओळखावे आणि कोणी खाल्लेच तर काय करावे?

आंबूस वास, चिकट स्पर्श, तार सुटणे किंवा झाकणाला आतून साचलेले पाणी ही चिन्हे दिसली तर चाखूनही पाहू नये. मात्र वास आला नाही म्हणजे अन्न चांगलेच आहे, असेही नाही. काही जिवाणूंची विषे वासाशिवाय असतात आणि पुन्हा गरम केल्यानेही नाहीशी होत नाहीत. म्हणून शंका आली की टाकून द्यावे. अन्न टाकणे आपल्या जिवावर येते, हे आम्हांलाही कळते, पण परक्या गावात आजारी मूल घेऊन दवाखाना शोधणे त्याहून कठीण असते. जुलाब-उलट्या सुरू झाल्यास क्षारसंजीवनीची पाकिटे, म्हणजे ओ. आर. एस., उपयोगी पडतात. ती नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजावे. लहान मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली, ताप आला किंवा शौचात रक्त दिसले तर डॉक्टरांकडे नेण्यास वेळ लावू नये.

परतीच्या सकाळचे काय? तोपर्यंत घरचे सगळे संपलेले असते.

परतीचा डबा घर सोडतानाच भरून, त्यावर चिठ्ठी लावून, पिशवीच्या तळाशी ठेवावा, म्हणजे तो आधी उघडला जात नाही. त्यात रव्याचे मिश्रण, सातूचे पीठ, गुळाची ढेप फोडून घेतलेले खडे आणि भत्त्यासाठी मुरमुरे, शेव, शेंगदाणे व तळलेली मिरची हे सगळे वेगवेगळ्या पुड्यांत असावे. कांदा, लिंबू आणि कोथिंबीर आयत्या वेळी बाजारातून घेऊन, स्वच्छ धुऊन, त्यात चिरून घातले की गाडी सुटण्याच्या आत पाच मिनिटांत भत्ता होतो. मुरमुऱ्यांचे पुडके मात्र सामानाच्या दाबाखाली येऊ देऊ नये. ते चुरले तर भत्ता चिकट होतो आणि मुले खात नाहीत.